कोणती तार आधी जळली

शर्वरी आता बरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. दोन वर्षं झाली, माझ्या पोरीला एकही झटका आलेला नाही. ती स्कूटर शिकली, एकटी नदीवर पोहायला जाते, गॅससमोर उभी राहून भाकरी भाजते. तेव्हा ही गोष्ट तिच्या दुखण्याची नाही. ही माझी आणि माझ्या धाकट्या भावाची, हणमंताची आहे. मी त्याच्याशी कसा वागलो, त्याची आहे.

मी मानसिंग यादव. कराडच्या मार्केट यार्डाजवळ माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंप सगळे सौर झाले, तरी मोटार ती मोटारच, आणि जळायची ती जळतेच. माणसं ती माझ्या दारात आणून टाकतात आणि टाकल्या टाकल्या शिव्या द्यायला लागतात. कुणाला? तर ज्यानं शेवटचं बटण दाबलं त्याला. "ह्या बेण्यानं चालू केली आन् धूर निघाला!" मी म्हणतो, अहो, जरा दमानं घ्या, मला खोलून तर बघू द्या. खोलल्यावर दिसतं की आतल्या एका तारेवरचं वार्निश कधीचंच करपलेलं आहे. तिथून काळं पसरत पसरत शेजारच्या तारांवर गेलेलं असतं. बटण दाबणारा बिचारा फुकट शिव्या खातो. चाळीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना समजावत आलोय. दुकानात एवढा शहाणा माणूस, पण घरात अक्कल गहाण टाकली होती.

शर्वरी सहा वर्षांची होती तेव्हा हणमंतानं तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून बंधाऱ्याकडं नेलं. चाक दगडावर चढलं आणि दोघंही आपटले. तिच्या कपाळाला पाच टाके पडले. तेव्हा मी त्याला चार शब्द सुनावले आणि विसरलो. पाच वर्षांनी शाळेच्या प्रार्थनेत पोरगी एकटक बघत उभी राहिली, ओठ चावायला लागली, हातानं फ्रॉकची कड चाचपत राहिली आणि मग खाली पडून तिचं सगळं अंग झटके द्यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, फिट आहे, अपस्मार. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, "लहानपणी डोक्याला मार लागला होता का?"

बस्स! मला हवं ते मिळालं. सरळ हणमंताच्या अंगणात गेलो. सत्यनारायणाची पूजा होती, भावकी जमली होती. सगळ्यांसमोर म्हणालो, "माझ्या पोरीचा मेंदू तू फोडलास. आजपासून तू मला मेलास आणि मी तुला." तो गप्प उभा राहिला. तो गप्प राहिला म्हणजे गुन्हा कबूल, असं मी धरून चाललो.

त्यानंतर बावीस वर्षं मी त्याचं तोंड बघितलं नाही. एकदाच, आई गेली तेव्हा तो धावत आला, तिरडीला हात लावायला पुढं झाला, तर मी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि मागं सारलं. आमच्याकडं मुलानं आईला खांदा द्यायचा असतो. त्याला मी तो देऊ दिला नाही. तो सगळ्यांच्या मागून, अनोळखी माणसासारखा स्मशानापर्यंत चालत आला.

आणि पोरीचं काय झालं? औषधं बदलत राहिली, झटके येत राहिले. महिन्याला सहा, कधी आठ. भाकरी थापताना झटका आला आणि डावा हात तव्यावर पडला, त्याचा डाग आहे अजून. लग्न ठरलं होतं, आम्ही आजार लपवला नाही, त्यामुळं मोडलं. ती घरी बसून घरांचे नकाशे काढायचं काम करायची. हुशार पोरगी, पण माझी बायको मंदा तिला न्हाणीघराची कडी लावू द्यायची नाही. तेहतीस वर्षांच्या बाईनं दार ढकलून आंघोळ करायची. प्रत्येक झटक्यानंतर मी मनात हणमंताला शिव्या घालायचो. खरं सांगतो, त्यानं बरं वाटायचं.

अशात पुण्याला मेंदू तपासायचं नवीन यंत्र आलं. तिथल्या संस्थेतल्या डॉक्टर नसरीन तांबोळी मूळच्या मिरजेच्या. आमचीच भाषा बोलणाऱ्या, समजावून सांगायचा कंटाळा नसलेल्या बाई. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "काका, तुम्ही काय काम करता?" मी सांगितलं. तर हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला सगळ्यात लवकर कळेल."

त्यांनी सांगितलं ते असं. मेंदूतल्या पेशी विजेनं बोलतात. अपस्मारात एका ठिकाणच्या पेशी एकदम, एका सुरात ओरडायला लागतात आणि तो ओरडा बाकीच्या मेंदूत पसरतो. ते ठिकाण बहुतेक वेळा एखादा जुना व्रण असतो. जुन्या एमआरआयमध्ये व्रण कधी दिसायचा, कधी नाही. दिसला तरी खरा दोषी तोच का, हे ठरवायला कवटीला भोकं पाडून आत तारा सोडाव्या लागायच्या. नवीन यंत्रात दोन गोष्टी एकत्र केल्या होत्या. एक, फार ताकदीचं चुंबक, ज्यात भाताच्या शितापेक्षा कितीतरी बारीक भाग वेगळा दिसतो. दुसरं, डोक्यावर घालायचं शिरस्त्राण. त्यातल्या काचेच्या बारक्या कुप्यांवर प्रकाश सोडून पेशींच्या विजेची खूण बाहेरूनच टिपतात. सुई नाही, भोक नाही.

"आणि तिसरी गोष्ट," तांबोळीबाई म्हणाल्या, "तुमच्या कामाची. मेंदूतल्या तारांवरही वेष्टण असतं. मूल जन्मतं तेव्हा बहुतेक तारा उघड्या असतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्यावर वेष्टण चढत जातं, आणि कुठल्या महिन्यात कुठल्या तारेवर चढणार, ते बरंचसं ठरलेलं असतं. दात येतात तसं. मध्येच इजा झाली, की तिथलं वेष्टण त्या महिन्यात अडतं. नंतर झालेल्या इजेची खूण वेगळी, तिथं चढलेलं वेष्टण फाटतं. आम्ही थर मोजतो, मग संगणकात तिच्या मेंदूची प्रत तयार करतो आणि तिचं वय मागं मागं नेतो. कुठं पहिलं जळलं ते कळतं. आणि कधी, तेही."

"कधी, तेही?" मी खुर्चीच्या टोकाला आलो.

"हो. पण ऑपरेशनला 'कुठं' पुरतं. 'कधी' सांगायचं की नाही, ते पेशंट ठरवतो. त्यासाठी अर्जात वेगळी सही लागते. घाई करू नका. आमच्याकडं त्या एका तारखेपायी घरं मोडलीत."

शर्वरीनं अर्ज बघितला आणि म्हणाली, "आण्णा, मला कुठं आहे तेवढं कळलं तरी पुष्कळ. कधी झालं ते कळून माझ्या डोक्यात काय फरक पडणार?"

"तुझ्या नसेल पडत, माझ्या पडतो," मी म्हणालो. "बावीस वर्षं भावकी मला म्हणतेय, तू भावावर उगाच डूख धरलास. एकदा यंत्राच्या तोंडून ऐकू दे सगळ्यांना."

मंदा शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अहो, राहू द्या ना." तिचा आवाज जरा वेगळाच होता. माझं लक्ष होतं कुठं!

शर्वरीनं पेन उचललं. "तुमच्यासाठी करते सही," म्हणाली, आणि केली.

आता माझा शहाणपणा ऐका. नुसतं ऐकून माझं समाधान होणार नव्हतं. हणमंतानं ते समोर बसून ऐकायला हवं होतं. बावीस वर्षांनी मी त्याला फोन लावला. तो इस्लामपूरला असतो, शाळेत क्लार्क होता, नुकताच निवृत्त झालेला.

"दादा? आईशप्पथ, दादाच का?"

"पुण्याला ये," मी म्हणालो. "शर्वरीच्या मेंदूची तपासणी आहे. तुझ्या सायकलनं काय केलं ते डॉक्टर सांगणार आहेत. ऐकून जा."

मला वाटलं, फोन ठेवील. तो म्हणाला, "येतो. किती वाजता येऊ?"

तपासणी दोन दिवस चालली. शर्वरी शिरस्त्राण घालून चित्रं बघायची, आकडे म्हणायची, झोपायची. दुसऱ्या दिवशी तिला आतच झटका आला आणि तांबोळीबाईंच्या माणसांनी एकमेकांना टाळ्या दिल्या, कारण झटका पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपला गेला होता. मला राग आला आणि हसूही आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही पाचजण एका खोलीत बसलो. तांबोळीबाई, शर्वरी, मंदा, मी आणि दारालगतच्या खुर्चीत हणमंता. किती म्हातारा झाला होता! माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण केस सगळे गेलेले. शर्वरी त्याला वाकून नमस्कार करायला गेली, तर त्यानं पाय मागं घेतले. "नको गं बाई, मला नको," म्हणाला.

भिंतीवरच्या पडद्यावर शर्वरीचा मेंदू उमटला. उजव्या कानाच्या आत, खोलवर, एक ठिपका लाल झाला.

"हा उगम," तांबोळीबाई म्हणाल्या. "एकच आहे, हे आपलं नशीब. कवटी न उघडता, बारक्या छिद्रातून लेझरची तार घालून एवढाच भाग जाळता येईल. झटके पूर्ण थांबायची शक्यता ऐंशी टक्क्यांच्या वर." मंदा तोंडाला पदर लावून रडायला लागली. शर्वरीनं डोळे मिटले. मी मात्र तसाच बसून राहिलो. पोरगी बरी होणार हे ऐकूनसुद्धा मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. ह्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

"आता कधी," बाई म्हणाल्या. "शर्वरी, अजून नाही म्हणू शकतेस."

"सांगा," मीच म्हणालो. शर्वरीनं मान डोलावली.

पडद्यावरचा मेंदू लहान लहान होत गेला. वर्षांचे आकडे उलटे धावले. सहावं वर्ष आलं आणि गेलंसुद्धा. ठिपका लालच राहिला. मी ओरडलो, "थांबवा! सहाव्या वर्षी काय दिसतंय ते दाखवा."

"सहाव्या वर्षी काही नाही काका. टाके कातडीला पडले होते. आत ओरखडासुद्धा नाही." आकडे आणखी मागं गेले आणि थांबले. "चौदा महिने. दोन-तीन आठवडे इकडंतिकडं. खूप ताप होता, आणि तापात आलेली आकडी बराच वेळ थांबली नव्हती. अर्धा तास, कदाचित पाऊण. वेळेत दवाखान्यात नेलं असतं तर एका इंजेक्शननं थांबली असती. चौदा महिन्यांची असताना काय झालं होतं, आठवतंय कुणाला?"

"काही नाही," मी म्हणालो. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच आठवत नव्हतं.

"गोवर," मंदा म्हणाली.

मग एकदम सगळं आठवलं. कारण मी ते विसरलो नव्हतोच. मी ते दहादा लोकांना सांगितलं होतं, पण वेगळ्याच रीतीनं. तेव्हा आम्ही गावात राहत होतो. पोरीला गोवर आला. आमच्यात गोवर आला म्हणत नाहीत, आई आल्यात म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, सात दिवस बाहेरचा माणूस उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही आणि पोराला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. औषधाचं तर नावच नको, आई कोपते. मला कुणी विचारलं असतं तर मी छाती ठोकून म्हणालो असतो, आपण विजेची कामं करणारी माणसं, असलं काही मानत नाही. पण माझी थोरली बहीण गोवरातच आंधळी झाली होती, आणि माझी आई सांगायची की तिला दवाखान्यात नेलं म्हणून झाली. पोरीच्या बाबतीत मी घाबरलो. चौथ्या दिवशी दुपारी शर्वरीला आकडी आली. मी तिच्या नाकाला कांदा लावला, देवीला हात जोडले आणि बसून राहिलो. आकडी थांबली, दोन दिवसांनी ताप उतरला. सातव्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि पुढं कितीतरी वर्षं मी लोकांना ऐटीत सांगायचो, माझी पोरगी देवीआईनं राखली. लसही मीच टाळली होती, पोरीला ताप येतो म्हणून.

"मी म्हणत होते न्या म्हणून," मंदा म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती. "पाया पडले तुमच्या."

"मग नंतर का बोलली नाहीस? एवढी वर्षं?"

"मला काय माहीत, त्यानंच झालं म्हणून! मनात यायचं. पण मग तुम्ही भाऊजींवर एवढे चवताळला होता की... माझ्या तोंडून निघेना. ऐकलं असतंत?"

मग दाराकडून हणमंताचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता, तांबोळीबाईंना सांगत होता.

"मी होतो तिथं. वहिनींनी शेजारच्या पोरीकडनं निरोप धाडला होता. मी सरपंचांची जीप मागून आणली होती, चालू ठेवून दारात उभा होतो. दादानं आतनं कडी घातली. मी म्हणालो, दादा, पोरगी निळी पडली असंल, दे माझ्याकडं, वीस मिनिटात कराडला पोचवतो. तो आतनं म्हणाला, उंबऱ्यात पाऊल टाकशील तर तंगडं मोडीन. मी पाऊण तास उभा होतो बाई. जीपचं डिझेल संपत आलं तेव्हा गेलो."

जीपचा आवाज. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला तो ऐकू आला. कडीवर माझा हात होता, तेही आठवलं.

शर्वरी उठली आणि हणमंताच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. त्यानं तिच्या कपाळावरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. "म्हणजे माझ्यानं नव्हतं झालं?" त्यानं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही." त्यानं परत विचारलं. परत विचारलं. चौथ्यांदा विचारताना साठीचा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत रडला. मग तो बाहेर गेला.

मी त्याच्यामागं गेलो. तो जिन्याजवळच्या बाकावर बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. पाया पडावं तर तो धाकटा, त्याला ते सहन झालं नसतं.

"हणमा, चुकलो मी. जोड्यानं मार मला."

"बस दादा," तो म्हणाला. मी बसलो. तो बोलायला लागला. "माझा विराज आता सव्वीस वर्षांचा आहे. त्याला सायकल येत नाही. मी शिकवलीच नाही. दुसऱ्या कुणाला शिकवू दिली नाही. पोरं चिडवायची त्याला. मी म्हणायचो, असू दे, डोकं शाबूत राहील. आमच्या हिला दुसरं मूल हवं होतं, मी म्हणालो नको, माझ्या हातात पोरं नीट राहत नाहीत."

"त्या दिवशी अंगणात तू मला का सांगितलं नाहीस? जीपचं?"

"मला वाटलं, तुझं खरं असंल. डॉक्टर म्हणाले होते ना. मी पाडलं तर होतंच तिला." त्यानं डोळे पुसले. "माफ केलं म्हण हवं तर. घे, केलं. पण दादा, आईला मी खांदा दिला नाही. ते आता कसं करायचं, सांग."

तो चारच्या गाडीनं गेला.

लेझरचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी होतं. मधल्या काळात शर्वरी माझ्याशी नेहमीसारखी वागली. चहा द्यायची, गोळ्या घेतल्यात का विचारायची. एकदाही बोलली नाही, तुम्ही असं का केलंत. मंदा पण नाही. ओरडली असती, भांडी आदळली असती तर बरं वाटलं असतं. मी दुकानात जाऊन बसायचो. एक गिऱ्हाईक आलं आणि आल्या आल्या आपल्या मेव्हण्याला शिव्या द्यायला लागलं. मी त्याला म्हणालो, मोटार ठेवा आणि जा, आज मला बोलायला होत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही पुण्याला पोचलो. हणमंता आधीच आला होता, शर्वरीनं बोलावलं होतं. नर्सनं शेवटचा अर्ज आणला. सगळीकडं शर्वरीचीच सही होती, एक रकाना सोडून. ऑपरेशन चालू असताना काही बिघडलं आणि पेशंट शुद्धीवर नसेल, तर पुढचा निर्णय कुणी घ्यायचा, त्या माणसाचं नाव आणि सही हवी होती. नर्स माझ्याकडं बघून म्हणाली, "वडील ना? इथं करा."

मी खिशातून पेन काढलं.

"आण्णा, थांबा," शर्वरी म्हणाली. तिनं अर्ज माझ्या हातातून घेतला. "इथं काका सही करतील."

हणमंता गडबडला. "अगं, दादा असताना मी कशाला..."

"रागानं नाही म्हणत, आण्णा," ती म्हणाली. तिनं माझा हात धरला होता आणि तिचे डोळे भरले होते. "मला तुमचा राग नाही, खरंच नाही. पण उद्या आत काही झालं, लगेच काही ठरवायची वेळ आली, तर तुम्ही घाबराल. घाबरलात की तुम्ही थांबता. काका थांबणार नाहीत."

तिचं काय चुकलं? काहीच नाही. पोरीनं मला बरोबर ओळखलं होतं. मी मान डोलावली, अर्ज हणमंतासमोर ठेवला आणि माझंच पेन उघडून त्याच्या हातात दिलं. कागद हलू नये एवढ्यासाठी मी त्याची कड धरून ठेवली. नात्याच्या रकान्यात त्यानं 'चुलता' लिहिलं आणि सही केली.